ज्यांचं विद्यापीठ राज्याबाहेर राहिलं

भूम तालुक्यातल्या ईटला माणूस गेला की एकदोन दिवसांत चौकात फ्लेक्स लागतो. हल्ली तो सगळ्याच गावांत लागतो. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये फोटो, जन्ममृत्यूच्या तारखा, दशक्रियेचा दिवस आणि खाली शोकाकुलांची लांबलचक यादी. गेलेला माणूस शिकलेला असेल तर आणखी एक गोष्ट चुकत नाही. त्याच्या नावाला पदवी लावल्याशिवाय फ्लेक्स पुरा होत नाही. बी.ए., बी.एड.; एम.ए., बी.पी.एड.; बी.एस्सी. (अ‍ॅग्री). हीच अक्षरं आधी लग्नपत्रिकेत छापलेली असतात, मग दारावरच्या पाटीवर येतात आणि शेवटी फ्लेक्सवर. खव्याच्या भट्ट्या, ज्वारी-तुरीची रानं आणि ऊसतोडीचा कोयता यांवर पोट भरणाऱ्या या मुलखात घरातली पहिली पदवी म्हणजे सातबाऱ्यावर चढलेली जमीनच. तिचा उल्लेख राहिला तर भावकीत कुरबूर होते.

फ्लेक्सवर विद्यापीठाचं नाव मात्र कधी नसतं. कुणाला त्याची गरजही वाटत नाही. तरी धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न मुद्दाम विचारून पाहावा. आजोबा कॉलेजपर्यंत पोचले असतील तर पदवी उस्मानियाची, हैदराबादची. वडील मराठवाडा विद्यापीठाचे. त्यांनी बार्शीला कॉलेज केलं असेल तर शिवाजी विद्यापीठाचे. नातू डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा. घर तिथंच, रान तिथंच, विद्यापीठं मात्र बदलत गेली. दिवंगत माजी विद्यार्थ्यांची आठवण ठेवणं हे विद्यापीठाचं काम आहे असं आपण म्हणतो. इथं पहिली अडचण हीच की, कोणत्या विद्यापीठाचं?

ही अडचण कागदी नाही. मराठवाड्याची पहिली शिकलेली पिढी दोन विद्यापीठांच्या मधल्या फटीत पडली आहे. जिथं ती शिकली ते विद्यापीठ दुसऱ्या राज्यात राहिलं, आणि तिच्या मुलांसाठी जे निघालं त्याच्या दप्तरात तिची नावं असण्याचं कारणच नव्हतं.

सप्टेंबर १९४८ पर्यंत ईट निजामाच्या मुलखात होतं. काही कोसांवरचं खर्डा मात्र इंग्रजांच्या अहमदनगर जिल्ह्यात. १७९५ साली मराठ्यांनी निजामाला हरवलं ते हेच खर्डा. पोरगं हुशार निघालं तर बापापुढे दोन वाटा असत. एक हद्दीपलीकडची: बार्शी, सोलापूर, नगर, पुणे. तिथं शाळा मराठी आणि मॅट्रिक मुंबई विद्यापीठाची. बार्शीला मामासाहेब जगदाळ्यांनी १९३४ साली शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळ काढलं, तेव्हा कुणब्याच्या पोरांना राहण्याजेवणाची सोय होऊ लागली. हद्दीच्या अलीकडच्या पोरांनाही त्या सोयीचा आधार झाला. दुसरी वाट सरकारी: जिल्ह्याच्या ठिकाणी मॅट्रिक आणि पुढे हैदराबाद. या दुसऱ्या वाटेची गंमत अशी की निजामाच्या गावातून निजामाच्या राजधानीला जायलाही आधी इंग्रजी हद्दीत उतरावं लागे. बार्शी लाइटच्या अरुंद गाडीनं कुर्डुवाडी, तिथून मोठ्या रेल्वेनं वाडी जंक्शन, वाडीहून निजामाच्या गाडीनं हैदराबाद. सोबत ट्रंक, भाकरीचं फडकं आणि नव्यानं शिकलेली उर्दू. संस्थानात नोकरी हवी तर वाट हीच, कारण दफ्तर उर्दूत होतं.

उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झालं. नाव सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचं, आणि उस्मानाबाद हे आपल्या जिल्ह्याचं कालपरवापर्यंतचं नावही त्यांचंच. उच्च शिक्षण एका भारतीय भाषेतून द्यायचं, हा आधुनिक भारतातला पहिला मोठा प्रयोग इथं झाला. त्यासाठी दारुल-तर्जुमा हे भाषांतराचं खातं उभं केलं आणि गणित, रसायन, कायदा, इतिहास, वैद्यक यांची पुस्तकं उर्दूत आणवली. इंग्रजी सक्तीचा विषय म्हणून ठेवली, पण बाकी सगळं उर्दूतून. अभियांत्रिकी मराठीतून शिकवता येईल का, यावर आज जे परिसंवाद भरवतात त्यांनी हे खातं कसं चालत होतं ते एकदा बघावं. ग्यानबाची मेख एवढीच की ही भारतीय भाषा प्रजेतल्या बहुसंख्यांची नव्हती. संस्थानात तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारे लोक उर्दू बोलणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होते. भूम-परंड्याकडच्या मुलाला मायबोलीतून पदवी मिळायची सोय या प्रयोगात नव्हतीच.

मराठी हा विषय म्हणून मात्र तिथं शिकवला जाई, आणि चांगला शिकवला जाई. ना. गो. नांदापूरकर हे उस्मानियाच्या मराठी विभागाचे प्रमुख. मोरोपंत आणि मुक्तेश्वर यांच्या महाभारतांचा त्यांचा तौलनिक अभ्यास आजही संदर्भासाठी काढला जातो. नरहर कुरुंदकरांचे हे मामा. मामा विद्यापीठात विभागप्रमुख आणि भाचा त्याच हैदराबादेत इंटरला नापास, हा योग मराठवाड्याच्या बौद्धिक इतिहासातला मला सर्वांत आवडणारा योग आहे. त्याच्याकडे पुढे येतोच.

उस्मानियाची वाट काहींनी अर्ध्यावर सोडली. सेतुमाधवराव पगडी १९१० साली निलंग्याला जन्मले. निलंगा आज लातूर जिल्ह्यात आहे, त्याआधी ते उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. पगडी बनारस आणि अलाहाबाद विद्यापीठांत शिकले, परत येऊन निजामाच्या मुलकी सेवेत लागले. आदिवासी भागात नेमणूक झाली तेव्हा गोंडी शिकले. फार्सी-उर्दूवर हुकूमत असल्यानं मराठ्यांच्या इतिहासाची मोगल बाजू त्यांनी मराठी वाचकाला खुली करून दिली. पुढे ते महाराष्ट्राच्या जिल्हा गॅझेटियरांचे संपादक झाले. 'जीवनसेतू' हे त्यांचं आत्मचरित्र. १९९२ साली पद्मभूषण, १९९४ साली निधन. आता या माणसाचा शोकप्रस्ताव कुणी मांडायचा? बनारसनं, अलाहाबादनं, की ज्या भागातला तो होता त्या भागातल्या विद्यापीठानं?

१९३८ सालच्या मुलांचा पेच याहून अवघड आहे. त्या वर्षी नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुलांनी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणायला सुरुवात केली. वरून मनाई आली, मुलांनी ऐकलं नाही. लोण हैदराबादेत उस्मानियाच्या वसतिगृहांत गेलं, संप झाला. आधी वसतिगृहं बंद झाली, मग विद्यापीठातून नावं कमी झाली. शेकडो मुलं वर्षाच्या मध्यावर रस्त्यावर आली. घरी जावं तर वडील निजामाचे नोकर किंवा देशमुख-देशपांडे, त्यांच्यावर बालंट यायचं. अशा वेळी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना प्रवेश दिला. एका संस्थानाच्या विद्यापीठानं काढलेली मुलं ब्रिटिश प्रांतातल्या विद्यापीठानं घेणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. नागपूरला गेलेल्यांत तेलंगणातला एक अबोल, बहुभाषी मुलगा होता. तो पुढे देशाचा पंतप्रधान झाला. पी. व्ही. नरसिंह रावांचं मराठी चांगलं का होतं, याचं उत्तर देताना नागपूरचे हे दिवस विसरून चालत नाही.

ज्यांची नावं विद्यापीठानं कमी केली ते त्या विद्यापीठाचे माजी विद्यार्थी म्हणायचे का? नियमानं नाही, कारण पदवी नागपूरची. पण त्यांच्या आयुष्याला वळण लागलं ते उस्मानियाच्या वसतिगृहात. नागपूरच्या रजिस्टरमध्ये ते आहेत, तर त्यांची गोष्ट हैदराबादची आहे. या चळवळीतली बरीच मुलं पुढे स्टेट काँग्रेसमध्ये, कम्युनिस्ट पक्षात, मुक्तिसंग्रामाच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांवर दिसतात. मराठवाड्यातल्या शाळांचे पुढचे मुख्याध्यापक आणि संस्थाचालकही त्यांच्यातून निघाले. औरंगाबादला या मुलांचं मन घडवणाऱ्यांत गोविंदभाई श्रॉफ हे गणिताचे शिक्षक होते. त्यांची पदवी कलकत्ता विद्यापीठाची. १९११ ला जन्मलेले गोविंदभाई २००२ साली गेले. कलकत्ता विद्यापीठात त्यांचं नाव आज कुणाला माहीत असेल असं वाटत नाही, आणि कुणाला दोष द्यावा असंही त्यात काही नाही.

उस्मानियाची मराठवाड्यातली नावं आठवायला बसलं की एक योगायोग ध्यानात येतो. १९९१ ते १९९६ या काळात देशाचे पंतप्रधान नरसिंह राव, गृहमंत्री शंकरराव चव्हाण आणि लोकसभेचे अध्यक्ष शिवराज पाटील. पंतप्रधानांचं उस्मानियाशी नातं वर आलंच. शंकररावांनी कायद्याची पदवी उस्मानियातून घेतली. शिवराज पाटील विज्ञान शिकले तेही उस्मानियातच, कायदा मुंबईला. शंकरराव पैठणचे. संग्रामाच्या काळात ते उमरखेडच्या कॅम्पवर होते, पुढे दोनदा मुख्यमंत्री झाले आणि पाटबंधारे मंत्री म्हणून जन्मगावाशेजारी जायकवाडी उभं करून गेले. फेब्रुवारी २००४ मध्ये ते गेले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात नरसिंह राव. चाकूरचे शिवराज पाटील नव्वदी गाठून डिसेंबर २०२५ मध्ये लातूरला गेले. तिघांवर अग्रलेख आले, विशेषांक निघाले. त्यांत पक्ष होता, जात होती, गांधी घराण्याशी कुणाचं कसं होतं हे होतं. देशाच्या तीन मोठ्या खुर्च्यांवर एकाच वेळी एकाच विद्यापीठाच्या अंगणातून गेलेली माणसं बसली होती, हे त्यांत ठसठशीत मांडलेलं मला कुठे आढळलं नाही. हेच विद्यापीठ पुण्या-मुंबईचं असतं तर त्यावर स्मरणिका निघाली असती, आणि तिला जाहिरातीही मिळाल्या असत्या.

उस्मानियाची स्मरणयादी करायची तर तिच्यात शोएबउल्ला खान यांचं नाव वर घ्यावं लागेल. उस्मानियाचे पदवीधर, 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक. हैदराबाद भारतात विलीन व्हावं असं त्यांनी त्याच उर्दूत, त्याच शहरात बसून लिहिलं. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी रात्री रस्त्यात गाठून त्यांचा खून केला आणि लिहिता हात तोडला. वय तिशीच्या आतलं. पुढच्याच महिन्यात संस्थान विलीन झालं. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी अलीगढला कायदा शिकलेला आणि लातूरला वकिली करणारा. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. शिक्षणानं माणूस शहाणा होतो असं ज्यांना सरसकट म्हणायचं असेल त्यांनी या दोन पदवीधरांची चरित्रं शेजारी ठेवून वाचावीत. दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडे लागतात, भाषणं होतात. त्यांत रझवीचं नाव हमखास येतं. शोएबउल्लाचं क्वचित येतं, आणि ते उस्मानियाचे होते हे तर येतच नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य तीन ठिकाणी वाटलं गेलं. मराठवाडा मुंबई राज्यात आला, हैदराबाद शहर आंध्र प्रदेशात राहिलं. कॉलेजं इकडे आणि विद्यापीठ तिकडे, अशी अवस्था झाली. ती संपवण्यासाठी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ काढलं. २३ ऑगस्ट १९५८ ला पंडित नेहरूंनी उद्घाटन केलं. पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी मुंबई विद्यापीठातून आलेले. नांदेडचं पीपल्स कॉलेज १९५० मध्ये सुरू झालं तेव्हा उस्मानियाला जोडलेलं होतं, मग मराठवाडा विद्यापीठाला जोडलं गेलं, आणि १९९४ पासून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला. इमारत तीच, फळा तोच, पदवीवरचा शिक्का तिसरा. अशा कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची एकत्र यादी करायची तर तीन ठिकाणी पत्रं पाठवावी लागतील आणि त्यांतलं एक तेलंगणात जाईल.

उस्मानियाला यात काय पडलं आहे, असंही विचारता येईल. तिथं या दरम्यान दुसरा इतिहास घडला. १९६९ चं तेलंगण आंदोलन, मग २००९ नंतरचं, राज्याची निर्मिती. त्या आंदोलनांत उस्मानियाचे विद्यार्थी मेले. त्या विद्यापीठाची आठवण आता त्या मृतांनी भरलेली आहे आणि ते योग्यच आहे. २०१७ च्या एप्रिलमध्ये उस्मानियाची शताब्दी सुरू झाली, राष्ट्रपती प्रणव मुखर्जी आले. मराठवाड्याला तो शेजारच्या राज्यातला सोहळा वाटला. आपल्या आजोबांची पदवी तिथली आहे, हे ट्रंकेत घडी करून ठेवलेल्या उर्दू कागदावरून ओळखायचं, तर घरात उर्दू वाचणारं कुणी उरलेलं नाही.

आता कुरुंदकर. जन्म १५ जुलै १९३२, गाव कुरुंदा, आता हिंगोली जिल्ह्यात. हैदराबादला शिकायला गेले आणि इंटरच्या परीक्षेत अडकले. नांदेडला परतून प्रतिभा निकेतन शाळेत मास्तर झाले. पदव्या पुढे नोकरी करता करता घेतल्या, मग पीपल्स कॉलेजमध्ये प्राध्यापक आणि अखेर प्राचार्य. पदवी नव्हती तेव्हाही या मास्तराकडे प्राध्यापक चर्चेला येत. संगीत, नाट्यशास्त्र, मनुस्मृती, मुस्लिम राजकारण, शिवचरित्र, कशावरही बोलत, आणि मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात, मिळेल त्या एसटीनं जाऊन बोलत. १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादला व्याख्यानाच्या मंचावरच त्यांना मृत्यू आला. वय पन्नाशीच्या आतलं.

त्यांना आज कोण आठवतं? नांदेडमध्ये त्यांच्या नावाचा न्यास आहे, व्याख्यानं होतात, पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघतात. हे सगळं विद्यार्थ्यांनी, मित्रांनी आणि वाचकांनी केलेलं आहे. विद्यापीठाच्या हिशेबी ते एक उशिरा पास झालेले बहिःस्थ छापाचे विद्यार्थी. मला हे बरं वाटतं. विद्यापीठानं आठवण ठेवायची ठरवली असती तर एखाद्या सभागृहाला नाव देऊन ते मोकळं झालं असतं. न्यासाला दरवर्षी वक्ता शोधावा लागतो, खुर्च्या भराव्या लागतात, आणि त्या निमित्तानं कुणीतरी कुरुंदकर पुन्हा वाचतं. उलट ज्यांना असे शिष्य लाभले नाहीत त्यांचं काय, हाही प्रश्न त्यातूनच निघतो.

आपल्याकडे ही उणीव व्यक्तिचित्रांनी थोडीफार भरून काढली. अनंत भालेरावांनी 'मराठवाडा' दैनिक चालवता चालवता आपल्या मुलखातल्या माणसांवर जे लिहिलं ते 'मांदियाळी'त वाचायला मिळतं. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी पुण्यात बसून प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश केले. अर्वाचीनाचा खंड १९४६ सालचा. एका माणसाच्या जिद्दीचं ते काम आहे. पण कोशात यायला माणूस आधी नावाजलेला असावा लागतो. भालेरावांच्या लेखात यायला त्याची भालेरावांशी गाठ पडावी लागते.

विलायतेत हे वेगळ्या रीतीनं झालं. गणितातल्या एकमेकांत अडकलेल्या वर्तुळांमुळे शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेले जॉन व्हेन आणि त्यांचा मुलगा यांनी केंब्रिजच्या सगळ्या ज्ञात विद्यार्थ्यांची यादी करायला घेतली. नाव, बाप, शाळा, प्रवेशाचं वर्ष, पुढे काय केलं, कधी मेला. १९२२ ते १९५४ या काळात तिचे १० खंड निघाले आणि त्यांत १९०० पर्यंतचे लोक आले. १८९९ चे सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे या मुदतीत बसतात. पण त्याच खंडांत शेकडो आडगावचे पाद्री आणि शाळामास्तर आहेत, ज्यांनी आयुष्यात एकदा पदवी घेतली आणि नंतर बातमीत येण्यासारखं काहीच केलं नाही. मला हेवा वाटतो तो त्यांच्या नोंदींचा. आनंदीबाई जोशी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. पदवीनंतर वर्षभरही जगल्या नाहीत. ते कॉलेज पुढे दुसऱ्यांत विलीन झालं, नाव बदललं, तरी आनंदीबाईंचे कागद आणि फोटो फिलाडेल्फियात ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जपलेले आहेत. संस्था बदलली की दप्तर कुणाकडे जाईल हे तिथं ठरलेलं असतं. आपल्याकडे विद्यापीठ बदललं की गठ्ठे तळघरात जातात.

मराठवाडा विद्यापीठाच्या बाबतीत मात्र एक आठवण अशी आहे की तिच्यापुढे केंब्रिजचे खंडही फिके पडावेत. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढचं मिलिंद. सुरुवातीला तेही उस्मानियालाच जोडलेलं. १२ जानेवारी १९५३ ला उस्मानियानं बाबासाहेबांना डी.लिट. ही सन्माननीय पदवी दिली. निजामाच्या नावाच्या विद्यापीठानं दिलेला हा मान कुणाच्या ध्यानात राहिला नाही. ध्यानात राहिलं ते पुढचं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले, जनार्दन मवाडे गेले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतलं. सोळा वर्षांच्या झगड्यानंतर १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला.

तेव्हापासून दर संक्रांतीला विद्यापीठाच्या गेटवर माणसांचा पूर येतो. टेम्पो भरून, एसटीनं, पायी. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, भीमगीतं. माणसं गेटला हात लावून कपाळाला लावतात, कमानीखाली पोरांचे फोटो काढतात. दीक्षान्त समारंभाला या गर्दीचा शंभरावा हिस्साही नसतो. ज्या मृतांना ही गर्दी अभिवादन करते ते बहुतेक या विद्यापीठात कधी शिकले नव्हते. पोचीराम कांबळ्यांचा या विद्यापीठाच्या कुठल्याही हजेरीपटाशी संबंध नाही. तरीही दिवंगत म्हणून सर्वांत ठामपणे या विद्यापीठाशी जोडलं गेलेलं नाव त्यांचं आहे. ज्यांच्या पोरांना या दारातून आत जायचं होतं त्यांनी ते दार स्वतःच्या मेलेल्यांच्या नावावर केलं. पदवीच्या कागदावर आज जे नाव छापलं जातं ते या माणसांनी मिळवलेलं आहे, हे पदवी घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं का, याबद्दल मला शंका आहे. ज्या गावांत वस्त्या जळल्या त्याच गावांतून पोरं तिथं शिकायला जातात, दोन्ही बाजूंची.

थोरांचं आणि हुतात्म्यांचं हे असं. ईटच्या फ्लेक्सवरचे गुरुजी यांतल्या कशातच नाहीत.

त्यांची पिढी आता झपाट्यानं जाते आहे. साठ-सत्तरच्या दशकांत तालुक्यातालुक्यांत कॉलेजं निघाली, भूमलाही निघालं. आई-बाप निरक्षर, पाठची भावंडं रानात, आणि हा एकटा कॉलेजात. बहात्तरच्या दुष्काळात सुट्टीत खडी फोडलेली, नालाबंडिंगवर माती उचललेली. डबा गावावरून एसटीनं यायचा, कंडक्टर स्टँडवर ठेवून जायचा. बी.ए. झालं की बी.एड., मग जिल्हा परिषदेत किंवा खाजगी संस्थेत नेमणूक, संस्थेत असेल तर पहिली काही वर्षं अर्ध्या पगारावर. मग भावाचं लग्न, विहीर, बहिणीचं बाळंतपण, बँकेचं कर्ज, सगळं त्याच पगारातून. एका बी.ए.च्या पगारावर एक अख्खं खटलं वर आलेलं आहे. याच पिढीच्या जगण्यातून रा. रं. बोराडे निघाले. १९४० साली लातूरजवळच्या काटगावला जन्मले, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात. माढा, बार्शी, सोलापूर असं करत औरंगाबादपर्यंत शिकले, वैजापूरच्या कॉलेजचे प्राचार्य झाले, १९७१ साली 'पाचोळा' लिहिली. ११ फेब्रुवारी २०२५ ला गेले. त्यांच्यावर लिहिलं गेलं, लिहिलं जाईल. पण बोराड्यांच्या बाकावर शेजारी बसलेले जे नुसतेच मास्तर झाले, त्यांच्या आयुष्याची नोंद फ्लेक्सच्या कापडापलीकडे जात नाही. दशक्रियेनंतर ते कापड कडब्याच्या गंजीवर पावसाळ्यात झाकण म्हणून जातं.

विद्यापीठाला यांची आठवण येते ती अधिसभेच्या निवडणुकीत. कायद्यानं अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांतून १० जण निवडून जातात, त्यासाठी नोंदणी होते, पॅनेलं पडतात, गाड्या फिरतात. पदवीधरांच्या घरी विद्यापीठाचं नाव घेऊन कुणी येण्याचा हा एवढाच प्रसंग. अधिसभेच्या बैठकीत सुरुवातीला शोकप्रस्ताव असतात, त्यांत माजी पदाधिकारी, नामवंत, राष्ट्रीय नेते. धाराशिवला २००४ पासून विद्यापीठाचा उपपरिसर आहे. जिल्ह्यातल्या दिवंगत पदवीधरांची नोंद ठेवणं हे काम एखाद्या इतिहासाच्या वा समाजशास्त्राच्या तुकडीला सहज देता येईल. दरवर्षी 'स्थानिक इतिहास' या नावाखाली मुलं नळदुर्ग आणि परंड्याच्या किल्ल्यावर प्रकल्प लिहितात. किल्ले कुठे पळून जाणार आहेत?

अशी नोंद करायला सामग्री कुठून आणणार, असं म्हणायचीही आता सोय उरलेली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यातली जुनी दप्तरं गावोगाव उघडली. तहसीलचे गठ्ठे, कारागृहाची रजिस्टरं, जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं मिळेनात, तेव्हा म्हाताऱ्या जाणकारांना घरून बोलावून आणलं. पानन् पान तपासलं, स्कॅन केलं, सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवल्या. सगळ्यांची नजर एकाच रकान्यावर होती, जातीच्या.

त्याच ओळीत आणखी रकाने असतात. मुलाचं नाव, बापाचं नाव, धंदा, गाव, दाखल तारीख, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख, आणि शेवटचा रकाना शाळा सोडण्याच्या कारणाचा. त्यात बहुतेक ठिकाणी 'सतत गैरहजर' किंवा 'पालकाच्या विनंतीवरून' असतं. मधूनच एखाद्या ओळीत 'पुढील शिक्षणासाठी' असतं. उस्मानियात गेलेला, नागपूरला काढून दिलेला, मिलिंदला पोचलेला, बार्शीला जगदाळेमामांच्या बोर्डिंगात राहिलेला, या सगळ्यांची पहिली सरकारी नोंद अशाच कुठल्यातरी ओळीत आहे. विद्यापीठं नंतर तीन झाली, शाळेचं रजिस्टर एकच राहिलं. भूम तालुक्यातल्या शाळांपासून सुरुवात केली आणि 'पुढील शिक्षणासाठी' एवढ्याच नोंदी बाजूला काढल्या तरी नावं मिळतील. मग एकेका घरी जाऊन विचारायचं. रजिस्टरं स्कॅन झालेलीच आहेत, उर्दू-मोडी वाचणारे अजून काही जण हयात आहेत, आणि त्यांना कामाचे पैसे कोणत्या लेखाशीर्षाखाली द्यायचे तेही २०२३ मध्ये सरकारनं एकदा ठरवून झालं आहे.